ओढलेली दोरी उतरवताना

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या हाताखालून गेलेल्या विजेत्यांबद्दल लिहा." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर विचारात पडलो. विजेते आपापल्या हिमतीवर जिंकले. माझं काम त्यांच्या मागे उभं राहून घाबरण्याचं होतं, आणि ते मात्र मी इमानेइतबारे केलं. साताऱ्याच्या एका शाळेत कवायतीचा मास्तर म्हणून पगार घेतला आणि शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला तिरंदाजी शिकवली. बाण सुटण्याआधी, सुटताना आणि सुटून गेल्यावर, तिन्ही वेळा मी देवाचं नाव घ्यायचो. बायको म्हणायची, "तुम्ही ज्योतिषी व्हायला हवं होतं. पुढचं वाईट तुम्हाला सगळ्यांच्या आधी दिसतं."

तेव्हा विजेत्यांचं राहू द्या. ज्यानं मला सगळ्यात जास्त घाबरवलं त्या माणसाबद्दल लिहितो. तो कुठल्याही स्पर्धेत उतरला नाही.

पण आधी आमच्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर मी कशाला घाबरत होतो ते कळायचं नाही. लोकांना वाटतं तिरंदाजी म्हणजे नेम. नेम पोराटोरांनाही धरता येतो, आंब्याच्या दिवसांत कुठल्याही कैरीला विचारा. अवघड असतं ते शरीर. पाय कसे रोवायचे, धनुष्य हातात कसं धरायचं, दोरी दंडाच्या जोरावर न ओढता पाठीच्या जोरावर कशी ओढायची, हात जबड्याच्या कोपऱ्याला दर खेपेला त्याच जागी कसा टेकवायचा, आणि बोटं कशी सैल सोडायची. शंभरदा तेच, त्याच क्रमानं. एवढं जमलं की नेम आपोआप लागतो, आणि नाही जमलं तर कितीही डोळे फाडून बघा, बाण शेजारच्याच्या गोठ्यात.

त्यात आणखी एक पीडा अशी की माणूस कोऱ्या शरीरानं येत नाही. ज्याचं त्याचं काम त्याच्या अंगात बसलेलं असतं. सांगलीकडचा एक पैलवान माझ्याकडे यायचा. तो धनुष्याची मूठ अशी आवळायचा की जणू समोरच्याचं मनगट धरलंय आणि आता पट काढायचाय. मी सांगून थकलो, "अरे बाबा, ते धरायचं नसतं, त्याला नुसतं टेकायचं असतं." तो म्हणायचा, "मास्तर, सोडलं तर निसटंल की!" एक शिंपी होते, ते दोरी ओढताना सुईत दोरा ओवल्यासारखा एक डोळा मिटून जीभ बाहेर काढायचे. दोरीचा फटका जिभेला लागेल या भीतीनं मी त्यांच्यापुढे कधी निवांत उभा राहू शकलो नाही.

आणि सैनिक. आमच्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे सुट्टीवर आलेले आणि पेन्शनीत निघालेले जवान मैदानावर डोकावायचेच. सगळ्यांना वाटायचं, बंदूक येते तर हे काय अवघड आहे? खरं तर बंदूक येते म्हणूनच अवघड. बंदुकीला गाल लावायचा असतो, म्हणून ते मान झुकवून दोरीकडे गाल न्यायचे. बंदुकीचा घोडा हळूच दाबायचा असतो, म्हणून बाण सोडायच्या वेळी बोटं सैल करायच्या ऐवजी आवळायचे. सैनिकाला तिरंदाज करायचं म्हणजे आधी त्याला फौजेतून पुन्हा एकदा रिटायर करायचं.

येसू हवालदार त्यातलेच. वडूजच्या पलीकडे माळरानात त्यांचं गाव. सत्तरच्या दशकाचा शेवट होता, उन्हाळा संपत आला होता, आणि एक दिवस शाळा सुटायच्या वेळी हे गृहस्थ फाटकापाशी उभे. उंच, ताठ, इस्त्रीचा सदरा, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली. एकाहत्तरच्या लढाईत त्या खांद्यात लोखंडाचा तुकडा शिरला होता. डॉक्टरांनी तुकडा काढला, पण सोबत थोडी ताकदही गेली.

"मास्तर, तुमच्याकडं चाकाचं धनुष्य हाय म्हनत्यात. खरं हाय का?"

खरं होतं. सांगलीचा एक इंजिनियर अमेरिकेत नोकरीला होता, लहानपणी माझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं सुट्टीवर येताना ते आणलं आणि गुरुदक्षिणा म्हणून माझ्या हातात ठेवलं. त्याला कम्पाउंड म्हणतात, एवढं तोच सांगून गेला. दोन टोकांना दोन छोटी चाकं आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या पोलादी तारा. आमच्या स्पर्धांत ते चालत नव्हतं, म्हणून कपाटात पडून होतं.

त्याची गंमत अशी. साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं, आणि पूर्ण ओढल्यावर, नेमक्या नेम धरायच्या वेळी, सगळं ओझं तुमच्या खांद्यावर. हे धनुष्य सुरुवातीला जड, पण अर्ध्याच्या पुढे गेलं की चाकं फिरतात आणि ओझं एकदम उतरतं. दगडाला अडलेलं गाडीचं चाक ढकलताना कसं होतं, दगड ओलांडेपर्यंत छाती फुटते आणि मग गाडी आपण होऊन पुढे जाते, तसं. एकदा चाकं फिरली की तुम्ही निवांत नेम धरून उभे राहू शकता. हवालदारांना नेमकं तेच हवं होतं. झटका देऊन ओढायची ताकद त्यांच्यात होती, ओढून धरायची नव्हती.

"कशाला हवंय?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या गावात दसऱ्याला शीव ओलांडायच्या आधी वेशीबाहेर एका खांबाला कोहळा टांगतात. मानकऱ्यानं बाणानं तो फोडायचा, मग पालखी शिवेपलीकडे जायची, मग सोनं लुटायचं. हा मान हवालदारांच्या घराचा. आजा, बाप आणि मग हे. खांबाच्या बाजूला, हाताच्या अंतरावर, धनगराचा ढोल. ढोल वाजत राहतो, मग एकदम थांबतो आणि एकच मोठा ठोका पडतो. त्या ठोक्याला दोरी ओढायची.

"आन येकदा ओढली का मागं न्यायची न्हाई," हवालदार म्हणाले. "ओढलेली दोरी उतरवली तर मान गेला. बाण चुकला तरी गेला. ढोल चुकला तर मात्र सगळं पुन्हा पयल्यापासनं, पर बिरूआबाचा ढोल आजवर कवा चुकलेला न्हाई."

"मग आत्ताच हे धनुष्य कशाला? गेल्या वर्षी काय झालं?"

"गेल्या साली माझा बाण ढोलात घुसला."

मी तिथे नव्हतो, तरी मला ते सगळं दिसलं. जुनं कळकाचं धनुष्य, दुखरा खांदा, ओझ्यानं थरथरणारा हात, आणि बाण कोहळ्याऐवजी ढोलाच्या लाकडात, बिरूआबाच्या बरगडीपासून चार बोटांवर. गावात हाहाकार झाला. पाटलांनी तलवारीनं कोहळा फोडून वेळ निभावली. मग भावकी बसली. हवालदारांचा चुलतभाऊ सर्जेराव म्हणाला, मान आता आमच्या घरात द्या. पाटलांनी एक वर्षाची सवलत दिली. या दसऱ्याला कोहळा फुटला तर मान राहील, नाहीतर सर्जेराव.

"आणि बिरूआबा? त्यांना लागलं नाही?"

"न्हाई. ते वाजवतच हुते. बाण ढोलाला उभा, आन हे वाजवत्यात. लोकांनी हात धरला तवा थांबले."

मी नाही म्हणायला हवं होतं. जिथे हाताच्या अंतरावर माणूस उभा आहे तिथे बाण मारायला शिकवणं माझ्या सगळ्या नियमांच्या बाहेरचं होतं. मी तसं सांगितलंही. हवालदार म्हणाले, "तुमी न्हाई शिकवलं तरी मी उभा ऱ्हानार हाय, मास्तर. जुनं धनुष्य घिऊन." मी कपाट उघडलं.

आठवड्यातून दोनदा ते एसटीनं साताऱ्याला यायचे. पहिले काही आठवडे मी त्यांना निशाण दाखवलंच नाही. उसाच्या पाचटाचा एक मोठा भारा बांधून ठेवला होता, त्याच्यासमोर दोन पावलांवर उभं करायचं आणि डोळे मिटून बाण सोडायला लावायचं. नेम नाही, चूक नाही, फक्त शरीर. मान सरळ. मूठ सैल. पाठ. जबडा. बोटं. हवालदार फौजी शिस्तीचे, सांगितलं ते निमूट करायचे. "गाल न्यायचा नाही दोरीकडे, दोरीला येऊ द्या," असं मी म्हटलं की ते "जी" म्हणायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा गाल न्यायचे. पण हळूहळू सुटलं. चाकं फिरल्यावर ओझं उतरायचं तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते बघून मलाही बरं वाटायचं. पाचटात बाण एकाला एक चिकटून बसू लागले.

माझी काळजी तोवर धनुष्याकडे वळली होती. त्या पोलादी तारांपैकी एक जरी तुटली तर साताऱ्यात काय, मुंबईतही दुसरी मिळणार नव्हती. मी रोज कापसाचा बोळा तारेवरून फिरवायचो. तारेचा एखादा धागा तुटला असेल तर कापूस अडकतो. कापूस कधी अडकला नाही, पण मला कधी त्याची खात्रीही वाटली नाही. एकदा सांगलीला गेलो तेव्हा धनुष्य पिशवीत घालून एका सायकलवाल्याकडे नेलं आणि विचारलं, वेळ आली तर ब्रेकची तार घालता येईल का? त्यानं चाकांना हात लावून बघितलं आणि पिशवी परत माझ्याकडे सरकवली. "मास्तर, बिरेकची तार तुटली तर मानूस पडतंय. ही तुटली तर डोळा जाईल. मी न्हाई हात लावनार." त्यानंतर मी बोळा दिवसातून दोनदा फिरवू लागलो.

पावसाळा सरता सरता मी निशाण लावलं. पाचटावर खडूनं एक वर्तुळ काढलं, कोहळ्याएवढं. आणि सगळा खेळ बिघडला.

हवालदारांनी दोरी ओढली, चाकं फिरली, हात जबड्याला टेकला, सगळं नीट. धनुष्यावर नेमासाठी एक छोटी पिन असते, ती वर्तुळावर आणायची. ती वर्तुळाच्या डाव्या अंगाला, जरा खाली, तिथे येऊन थांबली. पुढे सरकेना. ते रेटत होते, हाताला कंप सुटला, आणि मग झटक्यानं बाण गेला. भाऱ्याच्या बाहेर, मागच्या बांधात. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

आमच्या धंद्यात हा रोग सगळ्यांना ठाऊक आहे. हाताला निशाणाची भीती बसते. माणूस धडधाकट असतो, पण पिन निशाणावर जायला नकार देते. चांगले चांगले तिरंदाज यात संपले. मी पुष्कळ बघितले होते, पण एक फरक होता. बाकीच्यांची पिन कुठेही अडकायची, यांची एकाच जागी. डावीकडे, जरा खाली.

"हवालदार," मी विचारलं, "ढोल कुठल्या अंगाला असतो?"

त्यांनी धनुष्य खाली ठेवलं आणि तोंड पुसलं. "डाव्या."

म्हणजे हा माणूस त्या दिवशी उभा राहिला तर त्याचा हात त्याला नेमका बिरूआबाकडे घेऊन जाणार होता. मनात असतं ते हात टाळायला बघतो, आणि टाळता टाळता तिथेच जातो. नवी सायकल शिकणारा समोरच्या एकाच दगडावर जाऊन कसा आदळतो, तसं.

मी त्याच शनिवारी एसटी पकडून त्यांच्या गावाला गेलो. पाटलांच्या ओसरीवर पाटील, बिरूआबा आणि मी. बिरूआबा म्हणजे वाळलेला, उन्हानं काळपटलेला म्हातारा, डोक्याला लाल मुंडासं. मी हात जोडून म्हटलं, ढोल फक्त वीस पावलं मागे घ्या. देवाचं काय बिघडणार आहे?

पाटील चाकाच्या धनुष्याला हरकत घेतील अशी मला भीती होती. ते म्हणाले, "धनुष्य कंचं ते देवानं ठरवलेलं न्हाई, हात कुनाचा ते ठरवलंय. चाकाचं असू दे न्हाईतर कळकाचं." पण ढोलाचं नाव काढताच त्यांनी बिरूआबाकडे बघितलं.

"माजी जागा तीच हाय," बिरूआबा म्हणाले. "माज्या बाचीबी तितंच हुती."

"आबा, जिवावर बेतेल."

"आवं मास्तर, मान काय त्येच्या येकट्याचा हाय व्हय? मला बी हाय की."

त्यांनी मला ढोल दाखवला. लाकडात बाणाचं टोक अजून रुतलेलं होतं, ते काढायला गेलं तर ढोलाचं लाकूड चिरलं असतं. चहा घेऊन मी परत निघालो, आणि साताऱ्याच्या रस्त्यानं अख्ख्या प्रवासात मला एकच चित्र दिसत राहिलं.

या रोगाला औषध एकच आहे आणि ते कडू आहे. दोरी ओढायची, पिन निशाणाच्या जवळ न्यायची, आणि बाण न सोडता दोरी पुन्हा उतरवायची. पुन्हा ओढायची, पुन्हा उतरवायची. हाताला कळलं पाहिजे की निशाणापाशी गेलं म्हणजे बाण सोडलाच पाहिजे असं काही नाही, परत येता येतं. मग भीती हळूहळू ढिली पडते. ज्याला दोरी उतरवता येते त्यालाच बाण सोडता येतो, हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायचो. हवालदारांना सांगायचं मात्र मी पुढे ढकलत आलो होतो, कारण त्यांच्या घरात तेच निषिद्ध होतं.

सांगितलं तेव्हा ते ताडकन म्हणाले, "ओढलेली दोरी उतरवायची? आमच्यात पाप हाय ते, मास्तर."

"इथे कोहळा नाही, ढोल नाही, देव नाही. पाचट आहे."

"धनुष्य तर हाय न्हवं?"

दोन खेपा असेच वाद घालण्यात गेले. शेवटी त्यांनी ऐकलं, पण प्रत्येक वेळी दोरी उतरवल्यावर धनुष्य कपाळाला लावून माफी मागायचे. शिवाय चाकाच्या धनुष्याची दोरी उतरवणं सोपं नसतं. ओझं जसं मध्येच उतरतं, तसं परत जाताना मध्येच खांद्यावर येऊन आदळतं. त्यांच्या खांद्याला ते सोसत नव्हतं. दात ओठ खात उतरवायचे, कपाळाला लावायचे, पुन्हा ओढायचे. मला मान वळवावीशी वाटायची, पण मी बघत राहायचो.

दसऱ्याच्या आधी पिन हलायला लागली. दहा खेपांत सात-आठदा वर्तुळात यायची. बाकीच्या वेळी डावीकडे, जरा खाली. मी त्यांना तेवढंच सांगितलं, "हवालदार, पिन डावीकडे अडकली तर बाण सोडायचा नाही. काहीही झालं तरी." ते म्हणाले, "मंग मान गेला." मी म्हटलं, "मान गेला तर गेला." ते रुमालानं धनुष्याची चाकं पुसत बसले.

नवमीला मी धनुष्य घेऊन गावात पोचलो, कारण खंडेनवमीला शस्त्रपूजा असते आणि मानकऱ्याचं शस्त्र पूजेत हवंच. ती दुपार मी विसरणार नाही. पाटावर तलवारी, विळे, कोयते, एक पाना, हवालदारांचं युद्धातलं पदक, आणि मध्ये माझं अमेरिकन धनुष्य. हळद, कुंकू, अक्षता. कुणीतरी भक्तिभावानं चाकांना लोणी लावलं. हवालदारांच्या पत्नीनं झेंडूची माळ थेट तारांत ओवली. अक्षता चाकाच्या आसात जाऊन बसल्या. आणि येणारा प्रत्येक जण हात लावून नमस्कार करणार, त्यातल्या निम्म्यांना दोरी ओढून बघायची हौस. बाण न लावता दोरी सोडली तर या धनुष्याचे तुकडे होतात, उडून लागतात. मी पाटाशेजारी मांडी ठोकून बसलो आणि कुणाचाही हात दोरीकडे गेला की "अहो, अहो!" करत राहिलो. बायका हसायला लागल्या. हवालदारांच्या पत्नी म्हणाल्या, "मास्तर, तुमीबी पूजेत बसलाय म्हनं, तुमास्नीबी कुकू लावू का?" आणि खरंच लावलं. सगळे पांगल्यावर मी कपाळावरच्या कुंकवासकट बसून काडीनं आसातला एकेक तांदूळ काढला आणि बोळा फिरवला. कापूस अडकला. बघितलं तर झेंडूचा देठ होता.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तसं गाव वेशीबाहेर आलं. पालखी आली. खांबाला कोहळा टांगला. बिरूआबा त्याच्या डाव्या अंगाला, गळ्यात ढोल, हाताच्या अंतरावर. दोन्ही बाजूंना लोक, आणि लोक हटवायला गेलं की आणखी पुढे सरकणारे. सर्जेराव पुढच्या रांगेत, नवं धोतर नेसून.

हवालदार जागेवर उभे राहिले. मी त्यांच्या मागे. पाय बरोबर होते. मान सरळ होती. ढोल सुरू झाला. तो ढोल ऐकायला नाही, अंगावर घ्यायला असतो, छातीतून आरपार जातो. मग एकदम थांबला. शांतता. आणि एकच ठोका, भरदार, गोल, माळावर पलीकडच्या टेकडीपर्यंत गेला असेल.

हवालदारांनी दोरी ओढली. चाकं फिरली. हात जबड्याला टेकला. मूठ सैल. मी मनातल्या मनात एकेक मोजत होतो, सगळं बरोबर होतं. मग मी पिन बघितली. मागून नीट दिसत नाही, पण हात बघून मला कळायचं. हात डावीकडे होता. जरा खाली.

तो तिथेच राहिला. लोकांना वाटलं नेम धरतायत. कुणी खोकलंही नाही. मी हाक मारली नाही, दचकून बोटं सुटली असती. बिरूआबा समोर बघत उभे होते, पापणी न हलवता. त्यांच्या मुंडाशाच्या टोकाला एक झेंडूचं फूल होतं, ते वाऱ्यानं हलत होतं. हवालदारांच्या कोपराला कंप सुटला. मी डोळे मिटले.

आवाज आला नाही. डोळे उघडले तर हवालदार दोरी उतरवत होते. ओझं खांद्यावर आदळलं तसा त्यांच्या तोंडून बारीक हुंकार निघाला. दोरी पूर्ण उतरली. त्यांनी धनुष्य कपाळाला लावलं आणि मान खाली घालून उभे राहिले.

गर्दीतून एक मोठा निःश्वास उमटला. मग गलका. "उतरवली! दोरी उतरवली!" सर्जेराव पुढे आला. "पाटील, बगितलं न्हवं? सगळ्यांनी बगितलंय. संपलं." हवालदारांच्या पत्नीनं पदर तोंडाला लावला. हवालदारांचं तोंड राखेसारखं झालं होतं. एका माणसाचा जीव वाचवला म्हणून कुणी त्यांची पाठ थोपटणार नव्हतं, कारण तो धोक्यात होता हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

पाटलांनी हात वर केला. ते काही बोलणार, तेवढ्यात बिरूआबा म्हणाले, "थांबा. ठोका चुकला."

सगळे वळले.

"ठोका फुटका पडला माजा. काठी घसरली. हवालदारानं वळकलं, म्हनून दोरी उतरवली त्यानं. ढोल चुकला का पयल्यापासनं, आसंच हाय न्हवं पाटील?"

"आरं, आमाला तर बराबर ऐकू आला की!" सर्जेराव ओरडला.

"ढोल कोन वाजवतं रं? तू का मी?"

लोक हसले. पाटील हसले नाहीत. ते बिरूआबाकडे बराच वेळ बघत राहिले. बिरूआबांनीही नजर काढली नाही. मग पाटील म्हणाले, "ढोल चुकला. पुन्हा पयल्यापासनं."

मी हवालदारांजवळ गेलो. त्यांचा खांदा उडत होता, सदऱ्याखालून दिसत होता. मी म्हटलं, "पुन्हा उतरवावीशी वाटली तर पुन्हा उतरवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली नाही. ढोल वाजला. थांबला. ठोका पडला, पहिल्यासारखाच. दोरी ओढली, चाकं फिरली, आणि या खेपेला हात रेंगाळलाच नाही. बोटं सैल झाली, हात जबड्यावरून मागे मानेकडे गेला, मी शिकवल्याप्रमाणे. कोहळ्याचा खालचा तिसरा भाग उडाला. बी आणि गर बिरूआबांच्या ढोलावर पडला. ते वाजवत होते.

पालखी शिवेपलीकडे गेली. सोनं लुटलं. हवालदारांना लोकांनी उचललं तेव्हा ते "खांदा, खांदा" म्हणून ओरडत होते आणि हसत होते. मी धनुष्य पोटाशी धरून बाजूला उभा होतो, कुणी दोरी ओढू नये म्हणून.

हवालदार त्यानंतर पुष्कळ वर्षं कोहळा फोडत राहिले. धनुष्य मी त्यांच्याकडेच ठेवलं. आता ते नाहीत, बिरूआबाही नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही. त्या गावात गेलात तर म्हातारी माणसं अजून सांगतात, बिरूआबाचा ढोल जन्मात एकदाच चुकला. सांगताना जरा हसतात. मला ते ऐकवत नाही, पण तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर मान गेला असता.

त्या संध्याकाळी मी बिरूआबांना गाठलं होतं. ते वेशीजवळच्या दगडावर बसून ढोलावरचा कोहळ्याचा गर पुसत होते. मी शेजारी बसलो. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच विचारलं, "आबा, खरं सांगा. ठोका चुकला होता?"

त्यांनी अंगठ्यानं ते लाकडात रुतलेलं बाणाचं टोक पुसलं, भोवतीचा गर काढला.

"मास्तर," ते म्हणाले, "गेल्या साली बाण हितं घुसला, तवा ठोका चुकला न्हाई. ह्या साली तर बाण सुटलाबी न्हवता."